‘दऱ्या’ शोधता शोधता झालेली माझी पहिली पुल रिक्वेस्ट

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. त्याच्यापुढे नौपाड्यातलं आमचं वाचनालय म्हणजे अगदी लेकरू. दोन खोल्या, सहा हजारांच्या आसपास पुस्तकं आणि सगळा कारभार सांभाळणाऱ्या काकू. मी ऐरोलीला एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते. पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम आम्ही चार-पाच जणांनी अंगावर घेतलं होतं, म्हणून रविवारी सकाळी तिथे जाते. त्यासाठी वापरतो ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. फुकट तर आहेच, शिवाय त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, अशी त्याच्या परवान्यातच मुभा आहे. आपण केलेला बदल मूळ प्रकल्पात घ्या, अशी विनंतीही पाठवता येते, तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. हे मला ठाऊक होतं, पण तो कोड आपण बदलू असं कधी मनात आलं नव्हतं.

पावसाळ्यात एक सभासद सह्याद्रीतल्या दऱ्यांवरचं पुस्तक मागायला आले. काकूंनी ‘दऱ्या’ टाइप केलं. एकही पुस्तक नाही. काकू उठल्या, मागच्या कपाटातून ते पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “अगं, हे बघ. मागच्या महिन्यात तूच चढवलंस ना? मग याला दिसत का नाही?” मुखपृष्ठावर ‘दऱ्या’ हा शब्द चांगला ठसठशीत होता. यादीत नोंदही होती, मी शोधून दाखवली. पण काकूंनी शोधलं की गायब.

घरी येऊन पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या आणि दोन्ही शब्दांतलं एकेक अक्षर सुटं केलं. काकूंचा ‘दऱ्या’ पाच तुकड्यांचा निघाला, माझा सहा. काकूंच्या कीबोर्डवरून ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येत होतं, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्याचा क्रमांक ०९३१. माझ्या कीबोर्डवरून साधा ‘र’, म्हणजे ०९३०, मग हलन्त, आणि त्यानंतर २००डी क्रमांकाचं एक चिन्ह येत होतं. त्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याला रुंदीच नाही, त्यामुळे ते दिसत नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, आत मात्र वेगळे. दऱ्या, वाऱ्या, कुऱ्हाड, गिऱ्हाईक, तऱ्हा, अशा प्रत्येक शब्दात हा घोळ होता. आमच्या यादीत अशी किती पुस्तकं दडून बसली असतील या विचाराने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

पहिलं काम मी बरोबर केलं: सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातल्या जुन्या इश्यूंमध्ये, म्हणजे लोकांनी कळवलेल्या अडचणींमध्ये, कुणी हे आधी लिहिलंय का ते पाहिलं. नव्हतं. मग स्वतः इश्यू लिहिला आणि तिथे चुकले. मराठी वाचनालयांची किती अडचण होते हे मी तीन परिच्छेद भरून लिहिलं आणि खाली दोन स्क्रीनशॉट जोडले. मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सौजन्याचं होतं: मला दोन्ही चित्रांत एकच शब्द दिसतोय. बरोबरच होतं त्यांचं. देवनागरी न येणाऱ्या माणसाने काय समजायचं? मग मी सगळं पुसून नव्याने लिहिलं. कुठली आवृत्ती, काय टाइप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि दोन्ही शब्दांचे क्रमांक एकाखाली एक. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, लांब इंग्रजी वाक्यांत मी अडकते, म्हणून वाक्यं छोटी ठेवली. तासाभरात इश्यूवर ‘बग’ असं लेबल लागलं, आणि खाली प्रश्न होता: दुरुस्ती तुम्ही पाठवाल का?

नवख्यांना अनेकदा सांगतात की रीडमीमधला, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमधला, स्वल्पविराम सुधारून सुरुवात करा. मला हे पटत नाही. ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांसाठी हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम दर ऑक्टोबरला असतो. २०२० मध्ये टी-शर्ट मिळावा म्हणून लोकांनी रीडमीत एखादा शब्द घुसवून इतक्या निरर्थक रिक्वेस्टी पाठवल्या की मेंटेनर हैराण झाले, आणि ज्या प्रकल्पांची संमती असेल तेच धरायचे असा नियम त्याच महिन्यात करावा लागला. आपण रोज वापरतो त्या गोष्टीत आपल्याला जे खुपतं, तिथूनच सुरुवात करावी. ते काम सोडून द्यावंसं वाटत नाही.

कोडला हात लावण्याआधी मी ऑफिसचं नेमणूकपत्र काढून वाचलं. नोकरीत असताना केलेल्या कामाचे हक्क कंपनीचे, असं कलम बऱ्याच पत्रांत असतं. माझ्याही होतं. एचआरला मेल करून विचारलं: सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेलं. चार दिवसांनी ‘हरकत नाही’ असं लेखी आलं. तो मेल मी जपून ठेवला आहे. दुसरी गोष्ट ईमेलची. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन. त्यात तुम्ही नोंदवलेलं नाव आणि ईमेल प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाबरोबर, कायमचं जातं. असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या गिटहब या साइटवर खरा ईमेल झाकणारा ‘नो-रिप्लाय’ पत्ता मिळतो, तो आधीच लावून घ्या.

कोड आपल्या मशीनवर चालवण्यात दोन रविवार गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. बदल कसे पाठवायचे ते सांगणारी प्रकल्पातली कॉन्ट्रिब्युटिंग फाइल ओळ न ओळ वाचली तर निम्मा त्रास वाचतो. प्रकल्प आपल्या खात्यात फोर्क करायचा, म्हणजे त्याची आपली प्रत काढायची, ती क्लोन करून आपल्या मशीनवर उतरवायची, मूळ प्रकल्पाला ‘अपस्ट्रीम’ म्हणून जोडायचं आणि प्रत्येक कामाला वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढायची.

टेस्टिंगची सवय कामी आली. आधी एक टेस्ट लिहिली: काकूंचा ‘दऱ्या’ शोधला की माझा ‘दऱ्या’ सापडला पाहिजे. ती नापास झाली, व्हायलाच हवी होती. मग दुरुस्ती. युनिकोडचं नेहमीचं एकसारखं करून घेणं, ज्याला एनएफसी म्हणतात, ते प्रकल्पात आधीपासून होतं. पण युनिकोडच्या लेखी हे दोन शब्द समान नाहीतच, त्यामुळे एनएफसी त्यांना हात लावत नाही. मी सरळ उपाय केला: न दिसणारं ते चिन्ह काढून टाकायचं, आणि ‘ऱ’चा ‘र’ करायचा. टेस्ट पास झाली, कमिट केलं. या प्रकल्पात प्रत्येक कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लागते. हे काम माझं आहे आणि ते द्यायचा मला अधिकार आहे, अशी ती सही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली, गिटच्याही एक वर्ष आधी.

पुल रिक्वेस्ट पाठवली आणि आपोआप चालणाऱ्या तपासण्या लाल झाल्या. माझ्या एडिटरने सेव्ह करताना सगळी फाइल पुन्हा मांडली होती. बदल पाच ओळींचा, दिसत होत्या साडेतीनशे. ते मागे घेतलं, पुन्हा पाठवलं. मग सतरा दिवस काहीच नाही. रोज ट्रान्सहार्बरच्या गाडीत बसलं की फोन उघडून बघायचे. सतरा दिवसांनी एकच ओळ लिहिली: काही बदल हवे असतील तर सांगा, मी करते. मेंटेनरही नोकरी सांभाळून, रात्री जागून हे काम करतात. त्यांच्यामागे तगादा लावू नये, पण एकदा आठवण दिली तर कुणी रागावत नाही.

उत्तरात एक प्रश्न होता आणि तो मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी विचारलं होतं: हे चिन्ह काढल्यावर मुळात वेगळे असलेले दोन शब्द एक तर होत नाहीत ना?

मी गाडीत उभी होते. मनात ‘दऱ्या’ म्हटलं. चिन्ह काढा, ‘ऱ’चा ‘र’ करा. दर्या. डोंगरातली दरी शोधणाऱ्याला मी समुद्र दाखवत होते! शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलेली जोडीही लगेच आठवली, आचाऱ्यास आणि आचार्यास. एक स्वयंपाक करणारा, एक विद्या देणारा, आणि माझ्या पाच ओळींनी दोघांना एकाच पंगतीला बसवलं होतं. मराठी माझी मातृभाषा, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही. ज्याला मराठीचं एक अक्षर येत नाही त्याने ते विचारलं. रिव्ह्यू म्हणजे चुका काढणं, असं मी नोकरीत इतकी वर्षं धरून चालले होते.

त्या रात्री सगळं बदललं. आता काहीच काढून टाकायचं नाही. फक्त ‘र’, हलन्त आणि ते चिन्ह असा क्रम दिसला की त्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायचं. बाकी कशाला धक्का नाही. कोड तीन ओळींवर आला. टेस्ट मात्र सहा झाल्या, कारण काय सापडू नये हेही लिहिलं: ‘दर्या’ शोधल्यावर ‘दऱ्या’ येता कामा नये. हा बदल शोधताना तर हवाच, पण नोंदींची अनुक्रमणिका बनवतानाही हवा, नाहीतर जुनी पुस्तकं तशीच दडलेली राहतात. तेही जोडलं. आचारी आणि आचार्य यांचा फरक मी रिक्वेस्टखाली इंग्रजीत समजावून लिहिला. त्याखाली एका नेपाळी भाषकाने लिहिलं की त्यांच्याकडे ‘गऱ्यो’सारखे शब्द त्या अदृश्य चिन्हानेच लिहितात, आणि त्यांनाही हीच अडचण येत होती. मी नौपाड्यातल्या दोन खोल्यांचा विचार करत होते, आणि काम काठमांडूकडच्या माणसाच्याही उपयोगी पडणार होतं. तो संदेश मी आईला वाचून दाखवला.

मर्ज झालं, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये घेतला गेला, ते एका गुरुवारी दुपारी. नवी आवृत्ती यायला पुढे दोन महिने लागले. ती आल्यावर रविवारी वाचनालयात आधी बॅकअप घेतला, मग सॉफ्टवेअर अद्ययावत केलं आणि अनुक्रमणिका नव्याने बनवायला लावली. पंचवीस मिनिटं लागली. काकू तोवर परत आलेली पुस्तकं लावत होत्या. मग खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि एका बोटाने ‘दऱ्या’ टाइप केलं. चार पुस्तकं आली. मग ‘कुऱ्हाड’, मग ‘गिऱ्हाईक’. प्रत्येक शब्दाला त्या यादीतलं नाव वहीत उतरवून घेत होत्या आणि कपाटाशी जाऊन पुस्तक आहे ना ते बघून येत होत्या.

“आता ते ‘अॅ’चं पण बघ हं,” काकू म्हणाल्या. “अॅटलास कधी येतो, कधी येत नाही.”

बघितलं. ‘अॅ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, ०९७२. त्याआधीच्या सवयीने अनेक कीबोर्ड अजून ‘अ’ आणि वर सुटा चंद्र, असे दोन तुकडे देतात. त्याच संध्याकाळी नवा इश्यू टाकला. या वेळी पहिल्याच ओळीत क्रमांक आहेत.