गुंडाळून घेणारा

चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीतून सकाळी फोन आला. काजूच्या बागेतल्या कोरड्या टाकीत खवले मांजर पडलंय. टाकी चिऱ्याची, पण आतून गुळगुळीत गिलावा केलेली. त्यावर नखं धरत नाहीत, म्हणून रात्री पडलेलं जनावर वर चढू शकलं नव्हतं. आम्ही पोहोचण्याआधी कुणीतरी शेपटी ओढून बघितली होती. त्यामुळे ते आणखीच घट्ट गोळा होऊन बसलेलं.

पंचनाम्यात इंग्रजी नाव लिहीत होतो, तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "साहेब, पँगोलिन म्हणजे काय?"

शब्द मूळचा मलय भाषेतला, 'पेंगगुलिंग'. 'गुलिंग' म्हणजे गुंडाळणं, लोळणं. पुढे जोडलेला उपसर्ग ते करणारा दाखवतो. अठराव्या शतकात तो इंग्रजीत आला. आज मलय लोक या प्राण्याला 'तेंगिलिंग' म्हणतात. आपण खवले बघून नाव ठेवलं. बंगालीतही तेच झालं, 'बनरुई' म्हणजे रानातला रोहू मासा. मलय नावात मात्र प्राणी काय करतो ते आहे, आणि सोडवायला गेलेल्या माणसाला तेच आधी कळायला हवं.

गोळा झालेलं जनावर ओढून उलगडायचं नाही. पोटावर आणि तोंडावर खवले नसतात. तेच झाकण्यासाठी ते वळतं. ओढाल तितकं आवळतं. मादी असेल तर आत पिल्लू असू शकतं, त्याला इजा होते. खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे, पण कडा धारदार. दोन खवल्यांमध्ये बोट सापडलं तर कापतं. म्हणून जाड चामडी हातमोजे घातले, दोघांनी खालून हात घालून आख्खा गोळा उचलला. गोणपाट घ्यायचं नाही, पुढच्या पायांच्या लांब नखांनी ते फाडतं. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पिंपात ठेवून झाकण लावलं, पिंप सावलीत ठेवला आणि माणसं लांब केली.

बऱ्याच वेळाने आत खरखर सुरू झाली. उजेड, आवाज आणि हात, तिन्ही थांबले की ते आपणहून सुटतं.

दात नसलेला हा प्राणी मुंग्या-वाळवीवरच जगतो, म्हणून जागा निवडली ती जवळच्या जंगलातली, वारुळांजवळची. अंधार पडल्यावर पिंप आडवा केला. आधी नाक बाहेर आलं, मग शेपटी सरळ झाली.

वाडीतल्यांना १९२६ हा वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांक लिहून दिला. टाकीत तिरकी फळी टाकून ठेवायला सांगितलं, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकून.