आईच्या विसरण्याचे नाव

आज आईला मुलुंडहून लोकलने परळला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेत असताना दादर येताच ती गिरगावच्या चाळीत जायला उठली. ती चाळ पाडून वीस वर्षे झाली. थायरॉइड आणि ब-१२ च्या तपासण्यांत दोष नव्हता, एमआरआयमध्ये मात्र मेंदूतला हिप्पोकॅम्पस आकसलेला दिसला, म्हणून डॉक्टरांनी अल्झायमरचे निदान केले. नव्या आठवणी साठवणारा हा भाग सुरुवातीलाच झिजू लागतो, त्यामुळे सकाळचा चहा पुसला जातो आणि १९६८ ची चाळ शाबूत राहते. (चहावरून तिच्यावर चिडणारा मीच.) डोनेपेझिल हे औषध मेंदूतले ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन टिकवून लक्षणे काही काळ सौम्य करू शकते, आजार थांबवत नाही. परतताना मी चाळीच्या गॅलरीबद्दल विचारले आणि ती मुलुंडपर्यंत बोलत राहिली.