त्रिशूळ जमिनीले टेकवाचा नाही

मोठेबाबांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, विहिरीला पाणी लागलं आणि त्यांनी तिथंच, काठावर उभ्या उभ्या, महादेवाला अकरा किलोचा त्रिशूळ कबूल केला. अकराच का, हे त्यांनाही सांगता आलं नाही. "तोंडातून निंगून गेलं," म्हणाले. निंगून गेलेलं पाळायचं म्हणजे तो त्रिशूळ पायी मध्य प्रदेशातल्या पचमढीला न्यायचा, तिथला चौरागड डोंगर चढायचा आणि वर रोवायचा. पंढरीची वारी आम्हाला परकी नाही, पण आमच्याकडे "पायदळ जाऊन राह्यलो" म्हटलं की ऐकणारा महादेवच समजतो.

मोठेबाबा काटोलकडचे, संत्र्याची बाग असलेले. मी नागपुरात मानेवाड्याला मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो. त्रिशूळ माझ्या ओळखीच्या लोहाराकडून घडवला, म्हणून निघणंही माझ्या घरून ठरलं. २०१८ ची महाशिवरात्र १३ फेब्रुवारीला होती. आम्ही सात जण २ तारखेला पहाटे निघालो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

मोठेबाबांचा नेम एकच होता. त्रिशूळ जमिनीले टेकवाचा नाही. थकलं की दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचा. चहाच्या टपरीवर बाकड्यावर ठेवायचा. मुक्कामाला खाट मिळाली तर खाटेवर त्रिशूळ आणि खाली सतरंजीवर आम्ही.

बाकी तयारी सगळी पायांची. मोजे, व्हॅसलिन, कापूस, फोड आले तर सुई. नागपूरकराला ऊन कळतं. दुपट्टा कसा बांधायचा, खिशात कांदा कधी ठेवायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. थंडी मात्र आमच्या लेखी संक्रांतीला निरोप द्यायचा पाहुणा. त्याच वर्षी २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला आणि आमची ही मिजासही उतरली, पण फेब्रुवारीत ती शाबूत होती. सातांपैकी थंडीची तयारी एकीचीच होती. गावातली एक आजी, अकराव्यांदा निघालेली. तिच्या गाठोड्यात धुतलेली खताची रिकामी पोती आणि मेणकापडाची घडी होती. मी हसलो होतो.

कोराडीला जगदंबेचं दर्शन, मग सावनेर, केळवद, आणि पुढे सौंसर. इथपर्यंत वाट म्हणजे घरचं अंगण. दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, फळं झाडावर, आणि काही बागांत आंबिया बहाराचा फुलोरा सुरू झालेला. मोठेबाबा दर बागेपाशी थांबून दुसऱ्याच्या झाडांना नावं ठेवायचे. त्यामुळे चालायला उशीर व्हायचा, पण त्यांचा खांदा दुखतो आहे हे त्यात झाकलं जायचं.

रामाकोन्याजवळ कन्हान ओलांडली ती पहाटे, धुवारीत. रात्री जमीन निवते, थंड हवा जड होऊन नदीच्या खोलगटात उतरते आणि पाण्यावरची वाफ तिथंच धुकं होऊन राहते. मागे गावात चांदण्या दिसत होत्या आणि पुलाजवळ पुढच्या माणसाची पाठ दिसेना. ट्रकचा आवाज येतो, दिवा अगदी जवळ आल्यावर दिसतो. मी सगळ्यांना रस्त्याच्या उजव्या कडेला घेतलं, म्हणजे येणारी गाडी तोंडासमोर राहते, आणि दुकानातून आणलेली चमकणारी लाल पट्टी त्रिशुळाच्या तिन्ही टोकांखाली गुंडाळली. मोठेबाबांना ते अजिबात आवडलं नाही. "महादेवाले टिकल्या लावल्या यानं," असं ते पुढचे दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.

सिल्लेवानीचा घाट चढला की छिंदवाड्याचं पठार लागतं आणि थंडीची जात बदलते. तामियाच्या अलीकडे एका रात्री आमच्यातल्याच एकानं निखाऱ्यांचं घमेलं खोलीत आणून दार लावून घेतलं. ऊब छान आली. मला मध्यरात्री जाग आली ती डोकं ठणकत असल्यामुळे. शेजारचा चुलतभाऊ हलवूनही उठेना तेव्हा मी आधी दार उघडलं आणि मग घमेलं लाथेनं बाहेर सारलं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतून झोपेत जातो. सकाळी सगळे उठले, चहा प्याले, आणि निखारे आणणारा म्हणाला, "रात्री दार कोणं उघडं ठेवलं बे, थंडीनं मेलो असतो." मी काहीच बोललो नाही.

मटकुलीला देनवा नदीत पहाटेच डुबकी मारायची मोठेबाबांची इच्छा होती. आजीनं ऊन पडेपर्यंत अडवलं, आणि मग पाय, मांड्या, पाठ असं हळूहळू भिजवूनच आत जाऊ दिलं. थंड पाण्यात एकदम शिरलं की श्वास आपसूक आत ओढला जातो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. वयस्क माणसाचा रक्तदाबही झटक्यात चढतो. आजीला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की "बुढ्या माणसानं नदीले आधी विचारावं."

११ तारखेला संध्याकाळी पचमढीत पोचलो. तिथं चुलतभावाच्या फोनवर गारपिटीचे व्हिडिओ यायला लागले. जालना, बुलढाणा. गहू आडवा, हरभरा आडवा, अंगणात गारांचे ढीग. मोठेबाबांनी फोन हातात घेतला, पाहिला, परत दिला आणि जेवले नाहीत. आपल्याकडे हिवाळा सरताना हे होतं ते असं, की उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाबरोबर वरच्या थरात थंड हवा येते, खाली समुद्रावरची ओली हवा पोचते, आणि दोघींची गाठ नेमकी मध्य भारतावर पडते. पावसाळ्यातही ढगात गारा बनतात, पण खाली येईस्तोवर वितळतात. या दिवसांत गोठणारा थर खाली आलेला असतो, म्हणून गार अख्खी पोचते.

पुढची चूक माझी आहे, ती लिहिलीच पाहिजे. १३ ला पहाटे चढायचं ठरलं होतं. शिवरात्रीची गर्दी पाहून मीच म्हणालो की १२ ला दुपारीच जाऊ, पायऱ्या मोकळ्या मिळतील. व्हिडिओ पाहूनही म्हणालो. दुपार कलल्यावर ढग बांधले जातात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण दहा दिवस चालल्यावर माणसाला फक्त शेवट दिसतो.

बडा महादेवाच्या गुफेत दर्शन घेतलं आणि चढायला लागलो. पायऱ्या तेराशेच्या आसपास. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, चौरागडाचा माथा तेराशे मीटरच्या घरात. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश असा हिशेब धरला तर नुसत्या उंचीनंच सहा अंश गेले. पण चढताना घाम येतो, आणि घामेजलेला माणूस थंडीवर विश्वास ठेवत नाही. आम्ही सगळ्यांनी स्वेटर खाली एका दुकानात ठेवले होते. मोठेबाबांच्या खांद्यावर घोंगडी होती, ती त्रिशूळ रुतू नये म्हणून.

अर्ध्याच्या वर गेलो आणि पश्चिमेला पहिली वीज चमकली. मी मोजलं. अठरा सेकंद. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे सहा किलोमीटर. दुसरी, बारा. तिसरी, सात. तेव्हा मी पायऱ्यांवरच्या लोकांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत माणसांची रांग आणि प्रत्येक दोनचार माणसांमागे आभाळाकडे टोकं केलेला एक लोखंडी त्रिशूळ. माझा धंदा विजेचा आहे. लोखंड लांबून वीज ओढून आणतं असं नाही, वीज उंच टोक शोधते. पण उघड्या धारेवर माणूस आणि त्याच्या डोक्याच्या वर दोन हात निघालेलं टोक, म्हणजे ते उंच टोक आपणच झालो.

"मोठेबाबा, त्रिशूळ खाली ठेवा."

"नाही बा."

"आडवा तरी धरा."

"आडवा धरतो. खाली ठेवत नाही. इतके दिवस सांभाळलं अन् आता पाचशे पायऱ्यांसाठी मोडू?"

मी ओरडलो. मोठ्या माणसावर, आयुष्यात पहिल्यांदा. ते हलले नाहीत. चुलतभाऊ रडकुंडीला आला. शेवटी आजी दोन पायऱ्या खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली. आमच्याकडे पार्वतीला बहीण मानतात, महादेव तो भाऊजी. ती म्हणाली, "भाऊजी होय तो का सावकार होय? एवढ्यातेवढ्याचा हिशेब ठेवते काय?"

मोठेबाबांनी थोडा विचार केला. मग खांद्यावरची घोंगडी काढली, बाजूच्या खडकावर अंथरली, तिच्यावर त्रिशूळ आडवा ठेवला आणि लेकराला गुंडाळावं तशी वरून घोंगडी घातली. "जमिनीले नाही टेकला," म्हणाले, "घोंगडीवर टेकला."

आम्ही तिथून तीस-चाळीस पावलं खाली, एका खोलगट जागी उतरलो. वाटेत एकटं मोठं झाड होतं, त्याखाली वीसेक माणसं दाटीनं उभी. हाका मारल्या, कुणी आलं नाही. पायऱ्यांच्या लोखंडी कठड्याला हात लावू नका एवढं मी सांगत होतो. एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जवळ घेऊन, उकिडवे बसलो. मग गारा आल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. डोक्यावर पिशव्या धरल्या, बोटं सुजली. वीज कुठं पडली ते कळलं नाही, पण एकदा उजेड आणि आवाज एकदमच आले आणि दातांत कळ गेली. वीसेक मिनिटं असेल. मला विचाराल तर मी तासभर म्हणेन.

गारा थांबल्या की सुटलो असं वाटतं. खरं संकट तिथून सुरू झालं. ढगातून कोसळलेली ती सगळी थंड हवा डोंगरावर पसरली, वारा सुटला, आणि आम्ही चिंब. ओलं अंग कोरड्या अंगापेक्षा कितीतरी झपाट्यानं निवतं, पाणी हवेच्या पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं. मोठेबाबांच्या अंगावर सुती सदरा आणि धोतर, दोन्ही चिकटलेलं. घोंगडी वर त्रिशुळावर.

आधी ते थरथरत होते. मग थरथर थांबली आणि मला बरं वाटलं. ते माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "मोटर बंद कर ना. पानी वाया चाललं." चुलतभाऊ हसला, त्याला थट्टा वाटली. शब्द जड येत होते, दारू प्यालेल्यासारखे. आजीनं त्यांचा हात धरून पाहिला. "कापणं थांबलं हे बरं नाही. कपडे काढा याचे."

जवळून जाणाऱ्या एका बाबानं चिलीम पुढं केली, आणखी एकानं कनवटीची बाटली. "एक घोट द्या, गरमी येईन." आजीनं दोघांनाही वाटेला लावलं. दारूनं ऊब वाटते, कारण रक्त कातडीकडे धावतं, आणि आतली उरलीसुरली उष्णता बाहेर जाते. आम्ही ओले कपडे उतरवले. माझ्या बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा शर्ट होता, तो घातला. डोक्याला आजीचं कोरडं लुगडं. वरून खताची दोन पोती फाडून, त्यावर मेणकापड. मी एका बाजूला, चुलतभाऊ दुसऱ्या बाजूला, मध्ये मोठेबाबा. असे चिकटून आम्ही एका चहावाल्याच्या पालापर्यंत त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. चुलतभाऊ हातपाय चोळायला लागला, त्याला थांबवलं. तसं चोळून गार रक्त एकदम छातीकडे नेऊ नये. नीट गिळता येतंय हे पाहून घोटघोट गोड चहा दिला. तासाभरानं ते पुन्हा थरथरायला लागले आणि आजी म्हणाली, "आता आला माणसात."

शुद्ध आल्यावर पहिला प्रश्न, "त्रिशूळ कुठं हाय?"

चुलतभाऊ तोवर जाऊन तो खांद्यावर घेऊन आला होता. रात्रभर पालात त्यानं आणि मी आळीपाळीनं मांडीवर धरला. अकरा किलो पहाटे तीन वाजता अकरा किलो नसतात.

१३ ला सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. पायऱ्यांच्या कडेला गारांचे पांढरे पुंजके अजून होते. वर हजारो त्रिशूळ, नवे, गंजलेले, एकमेकांना टेकलेले. मोठेबाबांनी जागा शोधली आणि रोवला. लाल पट्टी तशीच होती, उन्हात चमकत होती. मी काढायला हात घातला तर म्हणाले, "राहू दे. आमचा वळखू येईन."

त्याच दुपारी गावाहून फोन आला.

परत जीपनं आलो. सौंसरच्या पुढं कुणी बोललं नाही. बागेत मृगाची फळं खाली सडा पडलेली, जी झाडावर होती त्यांच्यावर काळे खळगे. आंबियाची फुलं तर मातीत मिसळलेली, म्हणजे एका दुपारी दोन बहार गेले. बाग बोलून ठेवलेला व्यापारी फिरकलाच नाही. मोठेबाबा एका झाडाखाली बसून फळं वेचत होते, फुटलेली वेगळी, खळगे पडलेली वेगळी.

महादेवाहून आल्यावर रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, सैपाक घालायचा असतो. मोठ्याईनं विचारलं, यंदा करायचा का? मोठेबाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं लगेच गोवऱ्या मोजायला घेतल्या. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. शंभरेक पानं झाली. प्रत्येक पानावर गार लागलेलं एकेक संत्रं, वाढणारे स्वतः मोठेबाबा. आजीच्या पानावर त्यांनी दोन ठेवली.