फाईलच तर आहे, मग नंबर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तुमच्याआधी अनेकांनी विचारलंय म्हणून. वाचनालयाच्या ॲपमध्ये हवं ते पुस्तक सापडतं, पण हाती काही लागत नाही. खाली लिहिलेलं असतं, सुमारे बारा आठवडे थांबा. कागदी पुस्तक एकाच्या घरी असलं की दुसऱ्याला मिळत नाही, हे समजतं. ई-पुस्तक म्हणजे फाईल, एकीच्या हजार होतात. मग रांग कसली?

रांग परवान्याची. वाचनालय ई-पुस्तक आपल्या मालकीचं करून घेत नाही, प्रकाशकाकडून ते वाचायला देण्याचा परवाना घेतं. सगळ्यात रूढ पद्धतीत एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. पाच परवाने घेतले असतील तर सहावा माणूस थांबणार, फाईल सर्व्हरवर पडून असली तरी. शिवाय परवाने बहुधा मुदतीचे असतात. दोन वर्षं झाली की संपले. पुस्तक हवं असेल तर वाचनालयाने पुन्हा पैसे मोजायचे. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये वेगळाच हिशेब काढला: एक परवाना २६ वेळा द्यायचा, मग बाद. चौदा दिवसांची मुदत धरली तर २६ वाचक म्हणजे जेमतेम एक वर्ष. आणि या परवान्याची किंमत तुम्ही-आम्ही तेच ई-पुस्तक घेतो त्याच्या कितीतरी पट असू शकते. मॅकमिलनने तर नोव्हेंबर २०१९ पासून नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका वाचनालयाला, ते कितीही मोठं असो, एकच प्रत द्यायची असं ठरवलं होतं. वाचनालयांनी बहिष्कार घातला आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. म्हणून रांग लांब दिसली की वाचनालयावर चिडू नका. दर आणि अटी ते ठरवत नाही.

आता त्या 'बारा आठवड्यां'कडे बघू. तो अंदाज असतो. लिबी या वाचनालयाची ई-पुस्तकं देणाऱ्या ॲपमध्ये एका प्रतीमागे किती जण थांबलेत तेही दिसतं, आणि बघायचा आकडा तोच. पाच प्रती, तीस माणसं, म्हणजे प्रतीमागे सहा. प्रत्येकाने चौदा दिवस पुरेपूर वापरले तर ८४ दिवस. पण माणसं लवकर वाचून परत करतात, काही जण अर्ध्यात सोडतात. सरासरी नऊ दिवसांवर आली तर तेच काम ५४ दिवसांत होतं. शिवाय नंबर वाढले की अनेक वाचनालयं आणखी परवाने घेतात, त्यामुळे रांग बघून नंबर न लावता निघून जाणं हा तोट्याचाच व्यवहार. तुमचा नंबर म्हणजे त्या पुस्तकाची मागणी.

जे हे ॲप रोज वापरतात ते काय करतात? एका पुस्तकाची वाट बघत बसत नाहीत. कार्डावर जितके नंबर लावता येतात तितके लावून ठेवतात, आणि मग 'सस्पेंड' वापरतात. हे बटण बहुतेकांना ठाऊकच नसतं. नंबर सस्पेंड केला तरी रांगेतली जागा जात नाही; तुम्ही पुढे सरकतच राहता. पहिल्या क्रमांकावर पोचल्यावर प्रत मागच्याला जाते, तुम्ही मात्र पहिल्याच जागी. सस्पेंडची मुदत संपली की पुढची मोकळी प्रत तुमची. एका आठवड्यात चार पुस्तकं एकदम येऊन पडण्याचा जो वैताग असतो, त्यावर हाच उपाय.

नंबर लागला की लिबीमध्ये साधारण तीन दिवस मिळतात. तेवढ्यात घेतलं नाही तर प्रत पुढच्याला जाते. वेळ नसेल तर 'डिलिव्हर लेटर' दाबून पुढचा काळ निवडा, नुसतं दुर्लक्ष करू नका. सूचना बंद ठेवलेल्या असतात आणि मग 'माझा नंबर गेला' अशी तक्रार येते. तिचं मूळ बहुधा इथेच असतं.

घेताना मुदत बघा. बरीच वाचनालयं ७, १४ किंवा २१ दिवसांतून निवडू देतात. ऑडिओबुकला हे फार महत्त्वाचं. अठरा तासांचं पुस्तक चौदा दिवसांत संपवायचं तर रोज सव्वा तासाहून थोडं जास्त ऐकावं लागतं. वेग १.२५ केला तर ते साडेचौदा तासांच्या आत येतं, म्हणजे रोजचा तासभर. दीडच्या पुढे बहुतेक निवेदकांचं वाचन कोरडं वाटू लागतं. माहितीपर पुस्तकाला चालेल, कादंबरीचं मात्र वाटोळं होतं.

ऑडिओबुक प्रवासात मध्येच बंद पडतं, हा नेहमीचा दुसरा प्रश्न. कारण साधं आहे, ते पूर्ण उतरलेलंच नसतं. ६४ केबीपीएसच्या ध्वनीला तासाला सुमारे २९ एमबी लागतात. अठरा तासांचे पाचशेच्या वर झाले. डाउनलोड फक्त वाय-फायवर असं सेटिंग असलं तर घराबाहेर पडताच ते थांबतं, पण नेट आहे तोवर पुस्तक वाजत राहतं, म्हणून लक्षात येत नाही. निघण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि शेवटच्या प्रकरणावर जाऊन वाजवून बघा. वाजलं तर निघा. नेट असूनही पडदा बंद होताच आवाज थांबत असेल, तर अँड्रॉइडची बॅटरी बचत ॲपला झोपवते. त्या ॲपपुरती ती काढून टाका.

ई-रीडरवर वाचायचं तर गोष्ट यंत्रावर अवलंबून. कोबोच्या बऱ्याच यंत्रांत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे लिबी बनवणाऱ्या कंपनीची वाचनालय-सेवा, आतच असते. किंडलवर मात्र ही सोय फक्त अमेरिकेतल्या वाचनालयांच्या पुस्तकांना. बाकीच्या अनेक यंत्रांसाठी संगणकावर ॲडोबी डिजिटल एडिशन्स हा ई-पुस्तकं उघडणारा प्रोग्राम हवा, आणि इथेच लोक अडखळतात. वाचनालयाकडून 'एसीएसएम' नावाची इवलीशी, काही केबींची फाईल येते. ते पुस्तक नव्हे, पुस्तकाची चिठ्ठी. ती थेट यंत्रावर टाकली तर काहीच उघडत नाही. आधी ॲडोबी डिजिटल एडिशन्समध्ये आपला ॲडोबी आयडी भरून संगणक अधिकृत करायचा, मग चिठ्ठी त्यात उघडायची, म्हणजे खरं ईपब, म्हणजे पुस्तकाचीच फाईल, उतरतं. मग यंत्र केबलने जोडून ते त्यावर ओढायचं. आयडी न भरता किंवा दुसऱ्याच्या आयडीने चिठ्ठी आधी उघडली असेल, तर 'दुसऱ्या वापरकर्त्याने आधीच घेतलं आहे' असा निरोप येतो. चिठ्ठी पहिल्या आयडीला चिकटलेली असते, पुन्हा डाउनलोड करून भागत नाही. आणि अशा रीतीने उतरवलेलं पुस्तक लवकर परत करायचं झालं तर तेही तिथूनच करायचं, लिबीतून होत नाही.

रांग नकोच असेल तर वाचनालयाकडे हूप्ला ही दुसरी सेवा आहे का बघा. तिथे वाचनालय दर वाचनामागे पैसे भरतं, म्हणून पुस्तक लगेच मिळतं. त्या बदल्यात कार्डावर महिन्याची मर्यादा असते, आणि पुस्तक लवकर परत केलं तरी ती संख्या भरून येत नाही. वाचनालयाने त्या दिवसासाठी ठेवलेले पैसेच संपले असतील तर मध्यरात्रीनंतर पुन्हा प्रयत्न करायचा.

लॉगिन होत नसेल तर कार्डाचा क्रमांक मोकळ्या जागा न सोडता टाका. तरीही नाही झालं तर कार्डाची मुदत संपलीय का, किंवा कागदी पुस्तकांचा दंड थकलाय का, ते विचारा. काही ठिकाणी थकबाकी असली की डिजिटल पुस्तकंही अडतात. फोन बदलण्याआधी जुन्या फोनवरच्या लिबीतून नव्या फोनवर सगळं उतरवून घ्या, ॲपच त्यासाठी एक कोड देतं. घेतलेली पुस्तकं आणि लावलेले नंबर कार्डावर असतात, ते जात नाहीत. असं उतरवून घेतलं नाही तर टॅग आणि खुणा मात्र जाऊ शकतात.

उशीर झाला तर दंड किती, असंही विचारलं जातं. शून्य. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, अगदी शेवटच्या प्रकरणात असलात तरी. मुदतवाढीची सोय शेवटच्या दिवसांत दिसते, तीही मागे कोणी थांबलेलं नसेल तरच. असेल तर लगेच पुन्हा नंबर लावा. पुस्तक परत येईल तेव्हा लिबी तुम्ही थांबलात तेच पान उघडतं.