तापात सपोझिटरी दिली तेव्हा : माझा अनुभव

ऐरोलीत मे महिन्यात लेकीला ताप भरला आणि सोबत उलट्या. तीन वर्षांची पोर, पॅरासिटामॉलचं सिरप पोटात टिकेना. डॉक्टरांनी वजन केलं, १२ किलो भरलं, आणि १७० मिलिग्रॅमची सपोझिटरी लिहून दिली. शीच्या जागेतून औषध द्यायचं म्हटल्यावर सासूबाईंचा जीव खालीवर. "अगं, दुखेल ना तिला?"

दुखलं नाही. केमिस्टनं फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं होतं, कारण ही गोळी मेणचट पदार्थात बांधलेली असते आणि अंगाच्या उष्णतेनं वितळावी अशीच बनवलेली असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पिशवीतच मऊ पडते. तशी पडली, तर वेष्टनासकट गार पाण्याखाली धरायची. लेकीला डाव्या कुशीवर निजवून वरचा गुडघा पोटाशी घेतला, टोक पाण्यानं ओलं करून गोळी हळूच आत सरकवली. तोंडाशीच राहिली तर बाहेर येते. स्नायूच्या कड्यापलीकडे जायलाच हवी. मग थोडा वेळ ढुंगण दाबून धरलं. तेवढ्यात सासूबाईंनी चिमणी-कावळ्याची गोष्ट लावली.

पुढचं मात्र प्रत्येक आईला माहीत असायला हवं. गुदाशयाची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची, जागा लहान, आत ओलावा जेमतेम काही मिलिलिटर, त्यामुळे पॅरासिटामॉल तिथून सावकाश शोषलं जातं. रक्तातली पातळी पुरती वर यायला दोन-तीन तासही लागतात, आणि प्रत्येक वेळी सारखंच शोषलं जाईल असंही नाही. आत शी साठलेली असेल तर आणखी कमी. तासाभरात ताप हटला नाही म्हणून दुसरी गोळी द्यायची नाही! सिरप आणि सपोझिटरी हे एकच औषध, दोन्हींचा डोस एकत्र मोजायचा. जास्त झालं तर यकृताला इजा होते.

गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं, वरच्या भागातलं आधी यकृतात जातं, हेही डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. फिट आलेल्या मुलाला याच वाटेनं डायझेपाम हे फिट थांबवणारं औषध देतात. ते द्रवरूप असल्यानं काही मिनिटांत लागू पडतं.

आमच्या लेकीचा ताप हळूहळू उतरला. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाल्यावर डॉक्टरांनी सपोझिटरी थांबवली, कारण शोषली जाण्याआधीच ती बाहेर पडली असती. तोवर उलट्या थांबल्या होत्या, सिरप पोटात राहू लागलं.