मायन्यापाशी अडलेला मसुदा

धर्मपरंपरा आणि समेट हा माझा अभ्यासविषय. म्हणून मध्यस्थांच्या प्रशिक्षणात तहाच्या मसुद्याचं सत्र माझ्याकडे येतं. दोन गट, एक काल्पनिक तंटा, पाच कलमं. मायन्याला, म्हणजे कोण कोणाशी तह करतंय हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या ओळींना, मी 20 मिनिटं धरली होती. दुपारपर्यंत कलमांना हातच लागला नाही. एका गटाने समोरच्यांना 'बंडखोर' लिहिलं, दुसऱ्याने आपल्या नेत्याला धार्मिक पदवी लावली, आणि गाडी तिथेच रुतली.

मग मी 628 सालचा हुदैबियाचा तह काढला: एका बाजूला काब्याच्या यात्रेला निघालेले महंमद पैगंबर आणि मुसलमान, दुसऱ्या बाजूला त्यांना अडवणारी मक्केची कुरैश टोळी. कुरैशांच्या वतीने बोलणाऱ्या सुहैल बिन अम्र याने आधी 'रहमान' (दयाळू) या अल्लाहच्या नावावर हरकत घेतली, नंतर 'अल्लाहचे पैगंबर' यावर. तसं मानत असतो तर काब्याची वाट अडवलीच नसती, हे त्याचं म्हणणं. आणि तर्काला ते चोख आहे. लिहिणारे हजरत अली शब्द खोडेनात. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये येतं, की महंमद पैगंबरांनी ते स्वतः पुसले आणि तिथे 'अब्दुल्लाहचे पुत्र महंमद' आलं. दोघांच्या कागदावर दोघांना चालेल तेवढंच. बाकी श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी.

कलमंही बघण्यासारखी आहेत. 10 वर्षं लढाई बंद. मुसलमानांनी यंदा माघारी जायचं, पुढच्या वर्षी मक्केत तीन दिवस, सोबत फक्त मुसाफिराची तलवार, तीही म्यानात. 'शस्त्रं बाळगू नयेत' असं मोघम लिहिलं असतं, तर वेशीवरच भांडण जुंपलं असतं! तह मोडला तो दुसऱ्याच टोकाला: कुरैशांच्या बाजूच्या बनू बक्र टोळीने मुसलमानांच्या बाजूच्या खुजाआ टोळीवर हल्ला केला. सही करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या आडोशाला उभे असलेले मला जास्त छळतात, ते यामुळेच.

मोझांबिकचं उदाहरण अलीकडच्या काळातलं. तिथलं सरकार यादवीत आपल्याशी लढणाऱ्या रेनामो या संघटनेला 'सशस्त्र डाकू' म्हणायचं. रोममध्ये संत एजिदिओ या कॅथलिक समुदायाच्या मठात बोलणी सुरू झाली, तेव्हा 10 जुलै 1990 च्या संयुक्त निवेदनात दोघांनी एकमेकांना देशबांधव, एकाच मोठ्या मोझांबिकी कुटुंबातले म्हटलं. करारावर सह्या मात्र 4 ऑक्टोबर 1992 ला. मायना सुटला तरी कलमांना दोन वर्षं लागलीच.

दिवस संपताना आमच्या मायन्यात 'नदीच्या दोन्ही काठांचे रहिवासी' आलं, तीन कलमं झाली. चौथ्यात त्यांनी 'दोन्ही बाजूंचे समर्थक' लिहून आणलं. म्हणजे नेमके कोण, एवढंच मी विचारलं. कागद परत गेला.