आतल्या खोलीतला प्रेक्षक

मॅच रंगात आली की बाबा उठून जायचे. शेवटच्या दोन विकेट उरल्यात, आपला कुणी ९९वर अडकलाय, असं काही झालं की "मी बघितलं की आउट होतो तो" म्हणत चष्मा काढायचे आणि आतल्या खोलीत कपाटाकडे तोंड करून उभे राहायचे. मग तिथून आवाज.

"काय झालं?"

"काही नाही बाबा, डॉट बॉल."

अर्ध्या मिनिटाने पुन्हा, "काय झालं?"

हे खूळ तसं जुनंच, पण २००३च्या मेलबर्न कसोटीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सेहवाग १९५वर होता. बाबा आतच होते, पण मोह आवरेना म्हणून दारातून डोकावले, आणि नेमका त्याच चेंडूवर तो षटकार मारायला जाऊन सीमेवर झेल देऊन बसला. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसा काही तो झेल त्यांनीच पकडला होता. पुढे त्यांना कुणी अडवू शकलं नाही.

गंमत म्हणजे रटाळ खेळ मात्र ते एक चेंडू न सोडता बघायचे. दुपारचं सत्र, खेळपट्टी मेलेली, दोन्ही बाजूंनी फिरकी, बारा षटकांत वीस धावा. बाकीचं जग पेंगत असायचं आणि बाबा पुढे सरकून बसायचे. "मिड-ऑनला आत बोलावलाय बघ. आता याला डोक्यावरून मारायला लावणार." तीन षटकं काही व्हायचं नाही. चौथ्यात तो खरंच डोक्यावरून मारायला जायचा. एकदा ऑफस्पिन आणि आर्मबॉलमधला फरक समजावताना मोज्यांच्या जोडीचा बोळा करून त्यांनी तर्जनी आणि मधलं बोट फाकवून धरलं होतं. वळवलेला बोळा आणि सरळ सोडलेला बोळा माझ्या मांडीवर अगदी सारखाच पडत होता. पण "दिसलं?" म्हटल्यावर मी "हो" म्हणाले. कसोटी म्हणजे त्यांच्या लेखी हेच सगळं होतं. निकाल ही शेवटी येणारी एक तांत्रिक बाब.

एका मॅचचा निकाल मात्र त्यांनी जन्मभर सोडला नाही. १९७९, लंडनचं ओव्हल मैदान, इंग्लंडविरुद्ध. चौथ्या डावात ४३८ हवे होते. गावसकरच्या २२१, चेतन चौहानबरोबर २१३ची सलामी, आणि शेवटी ८ बाद ४२९वर वेळ संपली. कॉलेजातल्या बाबांनी हे खरखरणाऱ्या रेडिओला कान लावून ऐकलं होतं. "नऊ धावा," ते म्हणायचे. "विश्वनाथच्या आधी कपिलला पाठवला, तो शून्यावर गेला. विश्वनाथला पाठवला असता तर..." हे वाक्य त्यांनी पुरं केल्याचं मला आठवत नाही. कुठेही काही थोडक्यात हुकलं, गाडी, परीक्षेतला नंबर, एखादं सरकारी काम, की बाबा मान हलवून म्हणायचे, "नऊ धावा." आईला क्रिकेटचं वावडं. या विषयावर ती सरळ दुसऱ्या खोलीत जायची, आणि ऐन मोक्याला बाबाही तिथेच पोहोचायचे. लग्नातला त्यांचा बराचसा निवांत सहवास असा चुरशीच्या शेवटांमुळे झाला असावा.

बाबा गेल्यानंतर मला वाटलं होतं, मोठ्या क्षणांना त्रास होईल. तसं झालं नाही. मोठ्या क्षणी ते शेजारी नसायचेच. रिकामी खुर्ची ही तेव्हाची नेहमीचीच स्थिती. २०२४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमारने सीमेवर तो झेल घेतला तेव्हा मला ते आत उभे आहेत असंच वाटत होतं. खरी पंचाईत पावसाने खेळ थांबतो तेव्हा होते. मैदानावर आच्छादनं पसरलेली, पडद्यावर छत्र्या, आणि आता दीड तास कुणी कशावर बोलणार? किंवा कुणीतरी मिड-ऑन आत आणतो. ते मला आता दिसतं. पण ते सांगायला कुणी लागतं ना.

ऑगस्ट २०२५. पुन्हा ओव्हल. चौथ्या दिवशी इंग्लंडचा ब्रूक १९वर असताना सिराजने त्याचा झेल घेतला खरा, पण पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला. ब्रूकने पुढे १११ केल्या. ३७४चा पाठलाग, ६ बाद ३३९, आणि अपुऱ्या प्रकाशाने, मग पावसाने खेळ थांबला. त्या रात्री बाबा झोपले नसते.

सोमवारी पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार. मग सिराजने दोघांना घालवलं, प्रसिधने एकाचा त्रिफळा उडवला, आणि निखळलेल्या खांद्याचा हात स्वेटरच्या आत बांधून वोक्स पायऱ्या उतरला. त्याला एका हाताने खेळावं लागू नये म्हणून ॲटकिन्सन स्ट्राइक स्वतःकडे ठेवत होता. त्याने एक षटकार मारला, चेंडू आकाशदीपच्या हातांतून दोरीपलीकडे गेला. मी उठले. पाय आपोआप आतल्या खोलीकडे वळले. दारापाशी थांबले, कारण आत जाऊन "काय झालं?" विचारायचं तर बाहेर उत्तर द्यायला कुणी नव्हतं. म्हणून चौकटीला टेकून तिथूनच बघितलं. यॉर्कर. ऑफ स्टंप गेला.

"झालं! या बाहेर!" मी ओरडले. तोंडातून निघूनच गेलं.

आई बाहेर आली. हातात अर्धवट घडी घातलेली चादर होती. टीव्हीवर सिराजच्या अंगावर सगळे पडले होते, ते ती उभ्याउभ्या बघत राहिली.

"त्यांना किती हव्या होत्या अजून?"

"सात."

"म्हणजे नऊपेक्षा कमीच," आई म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.